हात हँडलवर, चाक रस्त्यावर

(दृश्य: रायबंदर. अजून उजाडलेलं नाही. दुरून रबरी भोंपूचा आवाज.)

पोंऽ पोंऽ. पोदेर, म्हणजे गोव्यातला पाववाला, आला. कॅरियरवर बांबूची मोठी टोपली, तिच्यात उंडे, पोळ्या, कांकणं असे गरम पाव, वर प्लॅस्टिकचा कागद. त्याची सायकल जरा नीट बघा. गिअर एकच. ब्रेक सळईचे. रिम लोखंडी. आणि टायर 28 गुणिले दीड इंची, म्हणजे जवळपास 40 मिलिमीटर रुंद.

त्याच रस्त्यानं हेल्मेट घातलेले चार-पाच जण जातात. त्यांच्या सायकलींचं वजन पोदेराच्या सायकलीच्या निम्म्याहूनही कमी. मागे 12 चक्र्या, डिस्क ब्रेक, आणि टायर 28 किंवा 30 मिमीचे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी याच सायकलींना 23 मिमीचे टायर असायचे. कितीतरी वर्षं रेसिंगचा टायर बारीक आणि टणक ठेवण्याकडे कल होता, आता तो पुन्हा रुंद होत चाललाय. यामागचं कारण कळलं की रोड सायकल कशी सुधारली हे निम्मं कळतं.

(दृश्य: टायरचा क्लोजअप. खडी उघडी पडलेला डांबरी रस्ता.)

जॉन बॉइड डनलॉपनं 1888 साली बेलफास्टमध्ये हवेचा टायर आणला. सायकल वेगवान झाली ती तिथून. त्यानंतर एक समजूत पक्की बसली: टायर जितका कडक, तितकी सायकल जोरात. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत फिरत्या ड्रमवर हे खरंही ठरतं, कारण कडक टायर कमी दबतो आणि रबर वाकण्यात जोर कमी वाया जातो. पण रस्ता म्हणजे ड्रम नाही. 23 मिमीच्या टायरमध्ये 120 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून खडबडीत डांबरावरून गेलं की प्रत्येक खडा सायकलीला स्वारासकट वर उचलतो. तो उचलण्याचा जोर तुमच्याच पायातून जातो. हात-पाठ हादरतात, चाक क्षणभर रस्ता सोडतं, आणि नेमक्या त्याच क्षणी वळण असेल तर घसरायला होतं. हवा थोडी कमी असली की टायर खडा पोटात घेतो आणि सायकल सरळ पुढे जाते. पण बारीक टायरमध्ये हवा कमी केली तर रिम रस्त्याला टेकते. म्हणून टायर रुंद झाला. त्याच्याबरोबर रिमही रुंदावली: पूर्वी आतून 13 ते 15 मिमी असायची, आता 19 ते 23 मिमी असते.

मग हवा किती भरायची? स्वार 70 किलोचा, टायर 28 मिमी ट्यूबलेस असेल तर मागे 65 आणि पुढे 60 पीएसआयपासून सुरुवात करा. वजनात दहा किलोचा फरक असेल तर चार-पाच पीएसआय वर-खाली. आत ट्यूब असेल तर पाच-सात जास्त. पावसात पाच कमी. रिम हुकलेस असेल, म्हणजे तिच्या कडेला आतून ओठ नसेल, तर 5 बार, म्हणजे सुमारे 72 पीएसआय, ही शेवटची मर्यादा. तिच्या वर गेल्यास टायर रिमवरून निसटू शकतो. ती ओलांडूच नका.

हवा भरायला गेज असलेला उभा पंप घरात हवा. अंगठ्यानं टायर दाबून 60 आणि 80 मधला फरक कुणालाही कळत नाही. प्रवासात पेट्रोल पंपावर हवा घ्यायची वेळ येतेच, पण तिथल्या नळीला या सायकलींचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह बसत नाही. त्यासाठी छोटा पितळी अडॅप्टर मिळतो, तो सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवावा.

पंक्चर झाल्यावर ट्यूब नुसती बदलू नका, भोक कुठे आहे ते आधी बघा. बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल तर काच किंवा काटा. तो अजून टायरमध्येच असतो, बोट जपून फिरवून काढा. शेजारी-शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या, म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली. भोक आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकलेली आहे आणि तारेच्या भोकाची कड ट्यूबला कापतेय. अशी कितीही वेळा नवी ट्यूब घाला, ती पुन्हा बसणारच.

ट्यूबलेस टायरमध्ये 30 ते 40 मिलिलीटर सीलंट लागतं. छोटी भोकं ते आपोआप बुजवतं. मात्र एप्रिल-मेच्या उन्हात त्यातलं पाणी उडतं आणि आत रबराच्या सुक्या चकत्या उरतात. दर दोन महिन्यांनी चाक कानाजवळ धरून हलवा. खळखळ ऐकू आली नाही तर सीलंट संपलं समजा.

(दृश्य: जुनी काळी-पांढरी छायाचित्रं. धुळीचा घाट, चाक उलटं करणारा स्वार.)

आता हाताकडे येऊ. 1903 साली टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत सुरू झाली. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक चक्री असायची. चढ आला की उतरायचं, पंखाचे नट सोडायचे, चाक उलटं बसवायचं, पुन्हा आवळायचं. थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी. तुलिओ कांपान्योलोनं 1930 च्या सुमारास क्विक रिलीज काढलं, एक खटका उलटवला की चाक मोकळं, आणि निदान ती बोटं वाचली. चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारं डिरेलर तेव्हा उपलब्ध होतं, पण स्पर्धेचे संयोजक आंरी देग्रांज यांना ते मान्य नव्हतं. टूरमध्ये 1937 पर्यंत त्यावर बंदी होती.

बंदी उठली तरी गिअरची दांडी फ्रेमच्या खालच्या नळीवरच राहिली. गिअर बदलायचा तर एक हात हँडलवरून काढून गुडघ्याजवळ न्यायचा आणि दांडी अंदाजानं सरकवायची. जास्त सरकली तर चेन घासते, कमी सरकली तर दात पकडत नाही. म्हणून लोक गिअर बदलायचं टाळायचे आणि चढावर जड गिअरमध्येच उभं राहून मारायचे. गुडघे त्यातून जायचे.

1984 साली शिमानो कंपनीनं ड्युरा-एस या आपल्या गिअर-संचात टकटक करणारी दांडी दिली: एक टक म्हणजे वायर ठरावीक इतकीच ओढली जाणार, एकच चक्री बदलणार. 1990 साली हीच यंत्रणा ब्रेकच्या लिव्हरमध्ये गेली. आमच्या मते गेल्या पन्नास वर्षांतली सगळ्यात मोठी सुधारणा ही. कार्बनच्या फ्रेमहूनही मोठी. दोन्ही हात हँडलवर, बोटं ब्रेकवर, आणि गिअर मात्र बदलतोय. 2009 मध्ये शिमानोचं विजेवर गिअर बदलणारं डीआय2 आलं. ते गुळगुळीत आहे, पण वायरवाला गिअरही नीट लावलेला असेल तर त्याच्यापुढे फार कमी पडत नाही.

पायांचंही असंच. पूर्वी पाय पॅडलला चामड्याच्या पट्ट्यानं बांधलेला असायचा, सोडवायला खाली वाकून हात घालावा लागे. 1985 मध्ये बेर्नार इनो हा स्वार लुक कंपनीच्या खटक्याच्या पॅडलवर टूर जिंकला. आता टाच बाहेर वळवली की पाय सुटतो. आणि 2003 मध्ये पॅरिस–नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव हा स्वार पडून मरण पावल्यानंतर व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं.

(दृश्य: साखळीहून केरीमार्गे अंजुणे धरण. वर चोर्ल्याचा घाट, ढग.)

हा सगळा हिशोब चोर्ल्याच्या चढावर एका आकड्यात मांडता येतो. जुन्या रेसिंग सायकलीचा सर्वात हलका गिअर पुढे 42 दाते, मागे 21. क्रँकच्या, म्हणजे पॅडलच्या, एका फेऱ्यात चाकाचे दोन फेरे, म्हणजे सुमारे 4.2 मीटर. घाटात ताशी 10 किलोमीटरनं जाताना मिनिटाला 40 फेरेच होतात. प्रत्येक फेरा म्हणजे जड पेटी ढकलणं. आताच्या सायकलीला पुढे 34, मागे 34 मिळतात. एका फेऱ्यात 2.1 मीटर. त्याच वेगाला मिनिटाला जवळपास 80 फेरे. श्वास तितकाच लागतो, पण मांड्यांवरचा जोर निम्मा होतो. किनाऱ्याजवळच्या सपाट रस्त्यांची सवय असलेल्यांना हलका गिअर म्हणजे कमीपणा वाटतो. तसं काही नाही.

चढावर शरीरातून किती पाणी जातं ते वजनकाट्यावर कळतं. निघताना आणि आल्यावर वजन करा, मधे प्यायलेलं पाणी त्यात धरा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, म्हणून अंग थंडही होत नाही. दोन तासांच्या वर जाणार असाल तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठ हवं. जास्त पाणी आणि मीठ नाही, यानंही माणूस आजारी पडतो. खाण्याचा हिशोब तासाला 60 ग्रॅम कर्बोदकांचा. एका मध्यम केळ्यात सुमारे 25 ग्रॅम असतात. पहिलं केळं भूक लागायच्या आधी, पहिल्या 40 मिनिटांत.

उतरताना ब्रेक. रिमला रबर घासणारे ब्रेक कोरड्यात चांगलेच होते. पावसात मात्र रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं आणि मगच पकडतं. तेवढ्यात सायकल कित्येक मीटर पुढे गेलेली असते. त्यात जांभ्याची तांबडी माती. ती रबरात रुतते आणि अॅल्युमिनियमची रिम पॉलिश पेपरसारखी घासून काढते. रिमच्या कडेला निर्मात्यानं एक बारीक खड्डा किंवा रेघ दिलेली असते, ती पुसली गेली की रिम बदलायची. डिस्क ब्रेकमध्ये हा त्रास नाही. 2018 पासून व्यावसायिक रस्ता शर्यतींत ते पूर्णपणे मान्य झाले.

पण डिस्कचं स्वतःचं पथ्य आहे. शिमानोची चकती नवी असताना 1.8 मिमी जाड असते, 1.5 वर आली की टाकून द्या. पॅडवरचा थर अर्धा मिमी उरला की पॅड बदला. चेनवर स्प्रे मारताना तेलाचा एक शिंतोडा जरी चकतीवर गेला तरी ब्रेक किंचाळतो आणि पकडत नाही. म्हणून चेनला तेल थेंबाथेंबानं द्यावं, स्प्रे नको. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पॅड आतल्या आत चिकटतात. नवे पॅड घातल्यावर लगेच घाटात जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर ताशी 25 वरून चालण्याच्या वेगापर्यंत, पूर्ण न थांबता, वीसेक वेळा सायकल हळू करा. त्यानंतरच ती पकड येते. आणि उतारावर ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही. वळणाआधी सरळ रस्त्यावर जोरात दाबायचा, वळणात सोडायचा.

(दृश्य: मिरामार. समुद्रावरून वारा. चेनचा क्लोजअप, कड्यांवर तांबूस डाग.)

गोव्यात सायकल चढापेक्षा वाऱ्यानं जास्त खराब होते. खारा वारा, घाम आणि चार महिने पाऊस.

चेन ताणली जाते असं सगळे म्हणतात. पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि त्यांची घरं झिजतात, म्हणून लांबी वाढते. मोजायला स्टीलची पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यापासून 24 कडी मोजा: नवीन चेनवर बरोबर 12 इंच, म्हणजे 304.8 मिमी भरतात. 306.3 झाली की अर्धा टक्का झीज. 11 आणि 12 चक्र्यांच्या बारीक चेनला हीच हद्द. तिथे बदलली तर एका कॅसेटवर, म्हणजे मागच्या चक्र्यांच्या संचावर, दोन-तीन चेन निघतात. नाही बदलली तर चक्र्यांचे दातच झिजतात, मग नवी चेन त्यांच्यावर उड्या मारते आणि सगळा संच टाकावा लागतो.

पावसातून आल्यावर साधं पाणी हलक्या धारेनं ओता. स्कूटर धुणाऱ्या सेंटरवरचा प्रेशरचा पाइप नको. तो छर्ऱ्यांच्या सीलमधून पाणी आत घालतो, आणि महिनाभरानं हब खरखरायला लागला की कारण कुणाला आठवत नाही. फडक्यानं चेन पुसा, प्रत्येक रोलरवर एक थेंब, दहा मिनिटं थांबा, वरचं तेल पूर्ण पुसा. वर राहिलेलं तेल माती धरतं.

हँडलवरची टेप वर्षातून एकदा काढाच. खाली घाम साठून अॅल्युमिनियमला पांढरी पूड धरते, धातू खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ला जातो, आणि असं हँडल खड्ड्यात आपटताना तुटू शकतं. चाक नवं बांधून घेणार असाल तर निपल, म्हणजे तारा रिमला आवळणारे छोटे नट, पितळेचेच मागा. कार्बनच्या रिमवर अॅल्युमिनियमचे निपल खाऱ्या हवेत लवकर कुजतात आणि एखाद्या दिवशी बसल्या जागी फुटतात.

(दृश्य: घराची पडवी. बाहेर पाऊस. सीटपोस्टवर टेपची खूण.)

शेवटचं काम पावसाळ्यात दर दोन महिन्यांनी. सीटपोस्टवर उंचीची खूण टेपनं करा, मग बोल्ट सैल करून पोस्ट पूर्ण बाहेर काढा. लोखंडी फ्रेममध्ये अॅल्युमिनियमची पोस्ट वर्षभर तशीच राहिली तर मधे गंज फुगतो, आणि मग ती हातोड्यानंही निघत नाही. पोस्ट बाहेर आली की फ्रेम उलटी धरा. नळीतून चहाच्या चमच्याएवढं तांबडं पाणी जमिनीवर पडेल. आतून कोरडं पुसा, धातूच्या पोस्टला ग्रीस, कार्बनच्या पोस्टला कार्बन पेस्ट, आणि टेपच्या खुणेपर्यंत पुन्हा आत. बोल्ट आवळताना टॉर्कचा पाना वापरा, किती न्यूटन-मीटर ते बहुतेक क्लॅम्पवर कोरलेलं असतं.