पानांचा हिशोब आणि जस्टिस सोसायटी

मित्रहो, 'सुपरहिरोंचे जुने संघ' हा आजचा विषय, आणि साठच्या दशकापर्यंत यायचं कबूल केलंय. पण सुरुवात १९४० च्या 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकापासूनच करावी लागेल. जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका तिथे पहिल्यांदा भेटते. गंमत अशी, की भेटते ती जेवायला! फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकमन, ॲटम, सँडमन, स्पेक्टर, डॉक्टर फेट, अवरमन असे आठ जण जमतात आणि आळीपाळीने आपापला पराक्रम सांगतात. जॉनी थंडर आगंतुकासारखा टपकतो. एकत्र लढाई मात्र कुठेच नाही.

कारण हा संघ पानांच्या हिशोबातून जन्माला आला. अर्धे नायक ऑल-अमेरिकन या प्रकाशकाच्या मासिकांतले, अर्धे नॅशनल या दुसऱ्या प्रकाशकाच्या. दहा सेंटच्या एका अंकात सगळ्यांची चव द्यायची, म्हणजे वाचक त्यांची मूळ मासिकंही घेईल. प्रत्येकाला साधारण सहा पानं. लेखक गार्डनर फॉक्सने या कथा एका धाग्यात ओवल्या, पण चित्रं वेगवेगळ्या हातांची. हॉकमनच्या प्रकरणात शेल्डन मोल्डॉफ, स्पेक्टरच्या प्रकरणात बर्नार्ड बेली. पान उलटताच रेघ बदलते, सावल्या बदलतात. अंक हातात घ्याल तेव्हा आधी हे सांधे शोधा. मग चौथ्या अंकापासूनचा साचाही दिसेल: सुरुवातीला बैठक, मग प्रत्येक जण एकेकटा कामगिरीवर, शेवटी पुन्हा सगळे एकत्र. फॉक्सला कल्पना सुचत नव्हत्या म्हणून हे झालं नाही. प्रकरणं वेगवेगळ्या चित्रकारांकडे वाटायची, तर नायकांना एका चौकटीत आणायचं कसं?

नियमही हिशोबाचाच. स्वतःच्या नावाचं मासिक मिळालं, की नायक 'मानद सदस्य' होऊन बाहेर. १९४१ मध्ये 'ऑल-फ्लॅश' निघालं, फ्लॅश गेला; पाठोपाठ ग्रीन लँटर्न. १९४५ मध्ये दोन प्रकाशकांचं बिनसलं, तेव्हा नॅशनलचे स्पेक्टर आणि स्टारमन गेले आणि फ्लॅश व ग्रीन लँटर्न परत आले. कथेत या ये-जा करण्यामागचं खरं कारण शोधत बसू नका, ते कथेत नाहीच.

आणि वंडर वुमन! इथे मला थांबावंच लागतं. ती पहिल्यांदा दिसली याच मासिकाच्या आठव्या अंकात. १९४२ मध्ये सोसायटीत आली, आणि तिला केलं काय, तर सेक्रेटरी! बाकीचे युद्धावर निघतात, ही मागे थांबते. स्वतःचं मासिक असल्याने नियमाप्रमाणे ती मानद, हे बचावाचं उत्तर मला ठाऊक आहे. पण मानद सुपरमॅनला कुणी इतिवृत्त लिहायला बसवलं नाही! नियम तिला कथेबाहेर ठेवत होता. टेबलाशी वही घेऊन बसवणं ही मात्र लिहिणाऱ्यांची निवड होती. दोन्हींची जबाबदारी वेगवेगळी धरली पाहिजे. लढाईत ती नियमित दिसू लागली ती थेट चाळीसच्या दशकाच्या शेवटी.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा साठचं दशक धावतं घेतो. १९५१ मध्ये ५७ व्या अंकानंतर 'ऑल स्टार' वेस्टर्न, म्हणजे काउबॉयकथांचं मासिक झालं. १९६० मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झ आणि पुन्हा फॉक्सच, 'ब्रेव्ह अँड द बोल्ड'च्या २८ व्या अंकात जस्टिस लीग हा नवा संघ आणतात. स्टारो या महाकाय तारामाशाशी लढायला नायक पुन्हा वाटले जातात. चित्रकार आता एकच, माइक सेकॉव्स्की, तरी साचा जुनाच. सुपरमॅन-बॅटमॅन मुखपृष्ठावर नाहीत, कारण त्यांचे संपादक वेगळे.

१९६१ च्या 'फँटॅस्टिक फोर' या संघात मात्र चौघांपैकी कुणाचंही स्वतंत्र मासिक सांभाळायचं नव्हतं. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी त्यांना पानोपानी एकत्र ठेवू शकले, भांडवू शकले. चौघांतल्या थिंगचा राग टिकतो, पुढच्या अंकात वाढतो. हॉकमनचा राग टिकवायला सहा पानांत जागाच नव्हती.

वाचायचं असेल तर 'ऑल स्टार'चा तिसरा आणि चौथा अंक सलग वाचा. 'ऑल स्टार कॉमिक्स आर्काइव्ह्ज'च्या पहिल्या खंडात दोन्ही आहेत. मग लीगचा, म्हणजे 'ब्रेव्ह अँड द बोल्ड'चा २८ वा अंक घ्या, आणि दोन नायक एका चौकटीत किती वेळा येतात ते पेन्सिलीने टिपत जा.