पाणी ओसरल्यानंतर

(दृश्य: रिकामा रस्ता, पडलेले विजेचे खांब)

सप्टेंबर 2017. मारिया चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर आदळलं. मृतांचा सरकारी आकडा कितीतरी महिने 64 वरच होता. पुढे एका विद्यापीठाने पुढच्या पाच-सहा महिन्यांतले, एरवीपेक्षा जास्तीचे मृत्यू मोजले. ते निघाले 2,975. सरकारनेही मग तोच आकडा स्वीकारला.

ही सगळी माणसं वाऱ्यापाण्यात गेली नव्हती. वादळ केव्हाच निघून गेलं होतं, पण वीज आली नव्हती, दवाखाने नीट सुरू झाले नव्हते.

(दृश्य: बंद फ्रिज, आत औषधाची कुपी)

इन्सुलिनची न उघडलेली कुपी 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांचं रक्त यंत्राने साफ करायचं, म्हणजे डायलिसिस, साधारण आठवड्यातून तीनदा. रक्तात साचणारं पोटॅशियम रस्ता मोकळा होण्याची वाट बघत नाही.

आपत्तीचा आराखडा उघडला की बोटी दिसतात, दोर दिसतात, जेसीबी दिसतात. ते हवेतच. पण त्यांच्या शेजारी एक यादी हवी. डायलिसिसवर कोण आहे, अंथरुणाला कोण खिळलंय, कुणाचे दिवस भरत आलेत, टीबीच्या गोळ्या कुणाच्या चालू आहेत. ही यादी नियंत्रण कक्षात बसून तयार होत नाही. दारोदार फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला ती तोंडपाठ असते, आणि आराखड्याच्या बैठकीचं बोलावणं बरेचदा तिलाच नसतं. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. यादी दर काही महिन्यांनी ताजी करायला हवी, आणि जपायलाही हवी. कुणाचा आजार चव्हाट्यावर येता कामा नये.

(दृश्य: निवारा केंद्र, पाण्यासाठी रांग)

आता पाणी. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला, ऑक्टोबरमध्ये कॉलरा आला. तो जमिनीच्या हादऱ्यातून आला नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचं मैलापाणी नदीत गेलं, आणि लोक तीच नदी पीत होते. सुमारे दहा हजार माणसं दगावली. लोक मृतदेहांमुळे साथ येईल म्हणून घाबरतात. खरी भीती असते ती शौचालयाची आणि पिण्याच्या पाण्याची गाठ पडण्याची.

निवाऱ्यासाठी जगभर धरलं जाणारं किमान माप असं: माणशी रोज 15 लिटर पाणी आणि 20 जणांमागे एक शौचालय. शाळेची इमारत निवारा म्हणून नेमताना हा हिशेब आधी मांडावा लागतो. पूर आल्यावर खड्डे खणता येत नाहीत.

(दृश्य: जवळून, हातातली काचेची नळी)

टाकीत क्लोरीन टाकलं. अर्धा तास थांबायचं. मग नळीत थोडं पाणी, त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे थेंब. पिवळा रंग उमटला की पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. रंग उमटलाच नाही, तर ते पाणी कुणाला द्यायचं नाही. हे शिकायला काही मिनिटं पुरतात, आणि ते सुक्या दिवसांतच शिकून ठेवावं लागतं.

(दृश्य: रंगीत तालीम, भोंगा वाजतो)

तालमीत माणसं बोटीत चढतात, टाळ्या पडतात. पुढच्या तालमीत भोंग्यानंतर आणखी दोन प्रश्न विचारा. पाणी तपासायची काचेची नळी कुणाकडे आहे? आणि ज्यांचं डायलिसिस उद्या आहे, त्यांना कुठे न्यायचं, कोण नेणार?