भंगारातली भाकरी

मंडळी, सुरुवातीलाच एक अट घालतो. पुढच्या दोन रांगांत शाळेतली मुलं बसलेली आहेत. त्यामुळं ‘स्टार वॉर्स’ या सिनेमा-मालिकेतल्या १९८० च्या भागातलं गुपित आणि २०१५ च्या भागात कोण जातं, या दोन गोष्टी मी बोलणार नाही. ज्यांना ठाऊक आहेत त्यांनीही शेजाऱ्याच्या कानात कुजबुजू नये.

विषय ‘स्टार वॉर्स’चा. पहिला सिनेमा १९७७ चा, जॉर्ज लुकसचा. आम्ही परभणीकरांनी तो बऱ्याच वर्षांनी पाहिला, झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. निम्मं इंग्रजी डोक्यावरून गेलं. एक गोष्ट मात्र लगेच कळली. नायक ल्यूक ज्या काकाकडं वाढतो तो काका शेतकरी, आणि त्याचं पीक म्हणजे पाणी. वाळवंटात खांबासारखी यंत्रं रोवायची आणि हवेतला ओलावा धरायचा. हे चित्रीकरण ट्युनिशियात झालं होतं. आम्हाला वाटलं, सोनपेठच्या पलीकडं कुठंतरी झालं असावं.

१९८० मध्ये दुसरा भाग आला, १९८३ मध्ये तिसरा. मधल्या काळात लुकसनं मागची कथा सांगणारे आणखी तीन भाग केले. त्यांच्यावर चहाच्या वेळी भांडू. २०१२ मध्ये त्यानं आपली कंपनी डिस्नेला विकली आणि ज्यानं गोष्ट रचली तोच बाजूला झाला. तिसऱ्या भागातली ती माणसं पुढं काय करतात, हे कळायला २०१५ उजाडलं. ‘द फोर्स अवेकन्स’. दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स, म्हणजे पहिला सिनेमा आला तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असलेला पोरगा. भारतात हा सिनेमा जगाच्या आठवडाभर मागून, २५ डिसेंबरला लागला, कारण आदल्या शुक्रवारी ‘दिलवाले’ आणि ‘बाजीराव मस्तानी’ दोन्ही आले होते. बाजीरावापुढं परग्रहवासीयांनी वाट पाहावी, यात मराठी माणसानं तक्रार करू नये.

मी तो तेव्हाच्या औरंगाबादेत पाहिला. ते वर्ष आठवा. सलग दुसरा दुष्काळ. पुढच्या एप्रिलमध्ये तर मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा दिवसांत पडद्यावर आली रे नावाची पोरगी. एकटी, वाळूत. जुन्या लढाईत पडलेल्या अजस्र अंतराळ-जहाजांच्या पोटात दोर लावून उतरते, सुटे भाग काढते, घासून पुसून व्यापाऱ्याच्या खिडकीवर नेते. तो भाव सांगतो: पाव हिस्सा अन्न. पुढच्या खेपेला पाच भागांचा मिळून अर्धा हिस्सा सांगतो. ती म्हणते, मागच्या आठवड्यात प्रत्येक भागाला अर्धा हिस्सा मिळत होता. तो ऐकत नाही. आडतीवर उभं राहिलेल्या कुणालाही हा संवाद समजावून सांगावा लागणार नाही. घरी जाऊन ती भुकटी पाण्यात टाकते आणि भाकरी फुगून वर येते. ते फुगणं संगणकावर केलेलं नाही, कॅमेऱ्यासमोर घडवलेलं आहे, म्हणून डोळ्याला खरं वाटतं.

आणि तिचं घर कुठलं? १९८० च्या भागात बर्फावर चाल करून आलेली चार पायांची चिलखती यंत्रं आठवतात? तसलंच एक वाळूत आडवं पडलंय, त्यात ती राहते. पुढं तोच व्यापारी एका छोट्या यंत्रमानवाचे साठ हिस्से देऊ करतो. साठ! पाव हिस्स्यावर दिवस काढणारी पोरगी पिशव्यांवर हात ठेवते आणि नाही म्हणते. मला विचाराल तर सिनेमातलं सर्वांत मोठं धाडस इथंच होऊन जातं. जहाजं उडायची असतात नंतर.

उडतात तीही झकास. भंगारात उभं असलेलं, जुन्या भागांतलं जहाज मिलेनियम फाल्कन रे पळवते. पाठलागात खालच्या तोफेचं तोंड समोरच्या दिशेला अडकून बसतं. तोफ फिरत नाही म्हटल्यावर ती आख्खं जहाजच हवेत उलटं फिरवते, शत्रू नेमका तोफेसमोर येतो. आमच्या रांगेतले एक काका खुर्चीतून उठून उभे राहिले होते. पन्नाशीचे असतील.

आता आक्षेप. जाणकार म्हणाले, ही तर पहिल्याच सिनेमाची नक्कल. वाळवंट तेच, नकाशा पोटात घेऊन पळणारा यंत्रमानव तोच, ग्रह उडवणारं अस्त्र तेच. खरं आहे. ते अस्त्र तर तिसऱ्यांदा आलं, तेव्हा मीही जांभई दिली. जुन्या भागांतला यंत्रमानव आर-टू नेमका गरजेच्या वेळी जागा होतो, ही निव्वळ पटकथेची सोय. पण कीर्तनाला आपण जातो तेव्हा हरिश्चंद्राचं आख्यान ठाऊक असतंच की. बुवा ते आज कसं लावतात, कुठं थांबतात, यासाठी आपण बसतो. अब्राम्सनं आख्यान तेच ठेवलं आणि ते मोडतोड विकून पोट भरणाऱ्या मुलीच्या तोंडी दिलं. स्वतः तोही जुन्या सिनेमाच्या सांगाड्यात उतरून सुटे भागच काढत होता. त्यानं ते लपवलं नाही, पहिल्या अर्ध्या तासात दाखवूनच टाकलं. म्हणून मी त्याला माफ करतो. संगीताचंही तसंच: त्र्याऐंशी वर्षांचे जॉन विल्यम्स जुन्या सुरावटी वाजवत बसले नाहीत, रेसाठी त्यांनी नवी धून बांधली. घरी जाऊन ती तेवढी वेगळी ऐका.

पालक विचारतात, मुलांना कुठून सुरू करून द्यावं? ७७, ८०, ८३ आणि मग हा. याच क्रमानं. आणि ८० चा भाग चालू असताना त्यांच्या हातातला मोबाइल काढून घ्या, नाहीतर गुपित सिनेमाच्या आधी गूगलच सांगून टाकेल.