मागावर शिकलेले डिझाइन

श्रोतेहो, नमस्कार. मी टेक्स्टाइल डिझाइनची विद्यार्थिनी आहे. सोलापुरात राहून हा विषय शिकण्याची एक सोय अशी की, पुस्तकात ज्याची आकृती असते तो जकार्ड, म्हणजे कापडात नक्षी विणण्यासाठी मागावर बसवलेले यंत्र, आमच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांमध्ये चालू अवस्थेत पाहायला मिळतो.

चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी १९५८ साली एक अहवाल लिहिला होता आणि त्याच्याच आधारे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांना सर्वांत श्रेष्ठ वाटला तो साधा लोटा. तो नव्याने घडवायचा असेल तर कोणते प्रश्न विचारावे लागतील, याची त्यांनी एक यादीच दिली आहे: पाणी किती आणायचे, ते डोक्यावरून, कमरेवरून की हातातून न्यायचे, भरलेल्या आणि रिकाम्या लोट्याचा तोल कुठे राहतो, धार कशी पडते, किंमत किती, आणि शेवटी मोडीत त्याचे काय मिळते. मला यातला मोडीचा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. शाश्वततेबद्दल आज जे जाडजूड ग्रंथ निघतात, त्यांचा बराचसा ऐवज या एका प्रश्नात आहे.

हेच प्रश्न मी आपल्या चादरीला विचारून पाहिले. सोलापुरी चादरीच्या दोन्ही बाजू वापरता येतात, कारण तिच्या विणीत वेगवेगळ्या रंगांची सुते नक्षीनुसार आपापसांत जागा बदलतात. जे फूल एका बाजूला पांढऱ्यावर तांबडे दिसते, तेच दुसऱ्या बाजूला तांबड्यावर पांढरे उतरते. त्यामुळे झीज वाटली जाते आणि चादर वर्षानुवर्षे चालते. अंथरुणावरून ती बैठकीवर येते, मग धान्य वाळवायला गच्चीवर जाते आणि अखेरीस तिचे पायपुसणे होते. पर्यावरणपूरक म्हणून हिरव्या पानाचा शिक्का मारलेल्या, पण दोन धुण्यांत विरणाऱ्या पिशव्यांपेक्षा मला या चादरीचा हिशेब अधिक सरळ वाटतो.

मात्र रंगाच्या बाबतीत हा हिशेब बिघडतो. सुती धाग्यावर रिअॅक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जाणारा रंग, चढवायचा तर पाण्यात भरपूर मीठ घालावे लागते, कारण त्याच्यामुळेच रंग धाग्याकडे ढकलला जातो. तरीही काही रंग धाग्याला न चिकटता पाण्याबरोबर वाहून जातो, आणि सांडपाण्यात विरघळलेले मीठ नेहमीच्या शुद्धीकरणाने निघत नाही. पर्जन्यछायेतल्या आपल्या शहरात, जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि तेही उजनीहून आणावे लागते, तिथे चादरीत पाचवा रंग घालावा की नाही हा प्रश्न केवळ सौंदर्याचा उरत नाही. हे लक्षात आल्यापासून नक्षी आखण्यासाठी ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवताना माझा हात जरा थबकतो.

त्याहून अवघड प्रश्न माणसांचा आहे. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जकार्ड यांनी सिद्ध केलेल्या यंत्रात छिद्रे पाडलेले पत्ते असतात. छिद्र असेल तिथे हूक वर जाऊन सूत उचलले जाते, नसेल तिथे ते खाली राहते. या युक्तीमुळे मागावर दोऱ्या ओढत राहणाऱ्या मदतनिसांचे, ज्यांत मुलेही असत, कष्टाचे काम संपले. पण त्याच युक्तीने आपली रोजी जाईल या भीतीने विणकरांनी तिला विरोधही केला. एकाच रचनेने कोणाचे तरी ओझे उतरते आणि कोणाची तरी झोप उडते. आपल्याकडच्या यंत्रमागांवर धोट्याचा, म्हणजे आडवे सूत नेणाऱ्या तुकड्याचा, आवाज इतका असतो की, शेजारी उभ्या असलेल्या दोघांनाही खुणांनी बोलावे लागते. नक्षी, वीण, सूत यांवर पिढ्यानपिढ्या विचार झाला. कामगाराच्या कानांचा विचार मात्र कोणाच्या ग्राफवर आला नाही, हे मला खटकते.

विडी कामगार स्त्रियांचेही तसेच आहे. पाने आणि तंबाखू घरी आणून त्या विड्या वळतात, म्हणजे त्यांचे घर हाच त्यांचा कारखाना असतो. २०२४ च्या जानेवारीत सोलापूरजवळच्या कुंभारीतील रे नगर या वसाहतीत १५,००० घरे कामगारांना मिळाली, त्यांत विडी कामगारही आहेत. या शहराच्या इतिहासातली ही मोठी घटना आहे. अशा घराचा नकाशा काढताना वळायला बसण्यापुरता उजेड कुठून येईल आणि तंबाखूची धूळ मुलांच्या अंथरुणापासून किती दूर राहील, हे प्रश्न खोल्यांच्या मापाइतकेच आधी यावेत, असे माझे मत आहे.

सध्या मी न रंगवलेले सूत आणि एकच रंग यांतून चादरीचा एक नमुना करते आहे. माग चालवणाऱ्या काकांना नक्षी आवडली आहे, पण गिऱ्हाईक गडद तांबडाच मागते, असे ते बजावतात. शिवाय नव्या नक्षीत सूत वारंवार तुटते, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि नगावर मिळणारी मजुरी त्यांना परवडत नाही. मजुरी नगावर धरायची की तासावर, यावर आमची चर्चा अजून चालू आहे. नमस्कार.