कंटेनरचा शेवटचा आकडा

आजचा जाहीर विषय ‘कंटेनरचा माग’ असा आहे. त्याकडे येतोच. पण त्याआधी एका आकड्याबद्दल बोलू द्या. सगळा माग त्याच्या आधाराने चालतो, आणि नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं.

कंटेनरच्या दारावरचा क्रमांक तुम्ही रोज पाहता. पहिली तीन अक्षरं मालकाची, ती पॅरिसच्या बीआयसी या आंतरराष्ट्रीय कंटेनर संस्थेकडे नोंदवलेली. चौथं अक्षर प्रकाराचं. मालाच्या कंटेनरला ‘यू’. मग सहा आकडी अनुक्रमांक, आणि शेवटी चौकटीत एकटा बसलेला तपासणीचा आकडा. आयएसओ ६३४६ या मानकाने तो दिला आहे. तो मनाने ठरवायचा नसतो, आधीच्या दहांवरून काढायचा असतो.

एक उदाहरण करूनच बघू. सीएसक्यूयू ३०५४३८, पुढे चौकटीत ३. अक्षरांच्या किमती ‘ए’ला १० पासून सुरू होतात, मात्र ११, २२, ३३ वगळायचे. म्हणून सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. आता डावीकडून एकेकाला १, २, ४, ८ असं दुप्पट करत ५१२ पर्यंत गुणायचं. अक्षरांचे ४४१, आकड्यांचे ५७४४, एकूण ६१८५. ११ ने भागा, बाकी उरते ३. (तोंडी कोण करून दाखवतंय? मागच्या रांगेने लगेच खाली बघितलं, हरकत नाही.)

समजा, टंकताना ०५ चं ५० झालं. बेरीज ६०२५ होते आणि बाकी ८ येते. चौकटीत मात्र ३ आहे, म्हणजे चूक तिथेच पकडली. शेजारचे दोन आकडे उलटसुलट होणं ही हाताने नोंदणाऱ्यांची सगळ्यात नेहमीची चूक, आणि ही पद्धत ती जवळजवळ प्रत्येक वेळी पकडते. जवळजवळ म्हणतो, कारण बाकी १० आली तरी ० लिहितात, बाकी ० असली तरीही ०च, आणि तिथे घोटाळ्याला फट राहते. म्हणूनच असे अनुक्रमांक वापरू नयेत अशी शिफारस आहे.

आणि तरीही कितीतरी फॉर्म काहीही लिहिलेलं मुकाट्याने स्वीकारतात! माझी तक्रार इथे आहे. एका ओळीचं सूत्र घालायला काय लागतं? १ जुलै २०१६ पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. ते वजन क्रमांकालाच जोडलेलं असतं. क्रमांक चुकला की वजन जुळत नाही, गेटवर बुकिंग सापडत नाही, ट्रेलर ताटकळतो, कट-ऑफ, म्हणजे माल स्वीकारण्याची शेवटची वेळ, टळते आणि माल पुढच्या जहाजावर ढकलला जातो. नंतर बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, दुरुस्त करायचं काम वेगळंच.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा मूळ विषय भरभर.

पडद्यावर हलणारा ठिपका बहुतेक वेळा जहाजाचा असतो. तो एआयएसवरून, म्हणजे जहाज आपली जागा आपोआप कळवतं त्या यंत्रणेवरून, येतो. साध्या कंटेनरमध्ये काहीच बोलत नाही. त्याच्या फक्त घटना नोंदवल्या जातात: रिकामा उचलला, बंदरात गेट-इन, जहाजावर लोड, जहाजावरून डिस्चार्ज, बंदरातून गेट-आउट, रिकामा परत. दोन नोंदींच्या मधलं सगळं अनुमान. उपकरण बसवलं तरी पोलादी पेटीतून, त्यातून डेकखाली, सिग्नल सहसा बाहेर पडत नाही. रीफर, म्हणजे शीत कंटेनर, वेगळे, त्यांना वीज असते, त्यामुळे तापमान दुरून पाहता येतं.

खरी गफलत ट्रान्सशिपमेंटला, म्हणजे वाटेत जहाज बदलताना, होते. मधल्या बंदरात डिस्चार्ज दिसतं, खाली पुढच्या जहाजाचं नाव आणि तारीखही दिसते, आणि आपण निर्धास्त होतो. ती तारीख योजलेली आहे, अंदाजी आहे की प्रत्यक्षातली, हे आधी बघा. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या डीसीएसए या जहाज कंपन्यांच्या संघटनेच्या मानकात हे तिन्ही प्रकार वेगळे ठेवले आहेत, पण बरीच संकेतस्थळं ते एकाच रंगात दाखवतात. प्रत्यक्ष ‘लोड’ची नोंद नसेल तर कंटेनर यार्डातच उभा असू शकतो, जहाज मात्र निघून गेलेलं असतं.

म्हणून लाइनला, म्हणजे जहाज कंपनीला, ‘माल कुठे आहे’ असं विचारू नका. जहाज कोणतं, फेरी क्रमांक काय, लोडिंग प्रत्यक्ष झालं का, हे लेखी मागा. आणि पोहोचण्याची तारीख बदलली की कंटेनर ठेवायचे मोफत दिवस कधीपासून मोजणार तेही त्याच पत्रात विचारा. डेमरेजचं, म्हणजे त्या दिवसांपेक्षा जास्त ठेवल्याच्या आकाराचं, बिल हातात पडल्यावर ते विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.