खोक्यातलं लाकूड

(दृश्य : रावेरजवळचं केळीचं पॅकहाऊस. सकाळ.)

फण्या धुऊन झाल्या, निथळल्या. आता बाया त्या एकेक करून खोक्यात रचतायत. ही केळी आखातात जाणार. सगळ्यांचं लक्ष केळीकडे आहे. आपण जरा पुठ्ठ्याच्या खोक्याकडे बघू.

खोक्याचा कोपरा फाडा आणि उजेडात धरा. फाटलेल्या कडेला केसाहून बारीक तंतू दिसतील. हे तंतू कधीकाळी कुठल्यातरी झाडाचं खोड ताठ उभं धरून होते.

लाकूड म्हणजे सेल्युलोजचे तंतू आणि त्यांना घट्ट चिकटवणारं लिग्निन. कागदासाठी लाकडाचा लगदा करणाऱ्या कारखान्याचं काम एकच, ही चिकटण सोडवायची. लाकडाच्या चकत्या कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या पाण्यात, बंद डायजेस्टरमध्ये, साधारण १७० अंश सेल्सिअसला शिजवतात. कुकरच तो, फक्त इमारतीएवढा उंच.

शिजल्यावर हाती लगदा येतो तो लाकडाच्या जेमतेम निम्मा. मग उरलेलं अर्धं झाड जातं कुठे?

ते असतं काळ्या, दाट पाण्यात. त्याला ब्लॅक लिकर म्हणतात. पूर्वी हे नदीत सोडलं की नदी मरायची. आता ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात. विरघळलेलं लिग्निन सरपणासारखं पेटतं, त्यावर वाफ होते, वीज होते, आणि तळाशी वितळून साचलेल्या क्षारांतून शिजवायची रसायनं पुन्हा मिळतात. आमच्या मते कारखान्यातली सगळ्यात हुशारीची जागा हीच.

पाइनचं लाकूड असेल तर शिजतानाच्या वाफेतून टर्पेंटाइन निघतं, काळ्या पाण्यावर साबणासारखी साय धरते. तिच्यापासून टॉल ऑइल बनतं, ते पुढे रंगात आणि डिंकात जातं. सल्फाइट नावाच्या दुसऱ्या पद्धतीतलं लिग्निन काँक्रीट सैल ठेवायला वापरतात. त्याच्यापासून व्हॅनिलाचा वासही तयार करता येतो.

आणि लगदा अगदी शुद्ध केला, तर त्याचा धागा होतो, व्हिस्कोज रेयॉन. कापूस पिकवणाऱ्या खान्देशानं हे लक्षात ठेवावं : बोंडातला कापूस आणि लाकडाचं रेयॉन, दोन्ही सेल्युलोजच. औषधाच्या गोळीला आकार देणारी पांढरी भुकटीसुद्धा बऱ्याचदा याच लगद्याची असते.

(दृश्य : रेल्वेची खिडकी. सातपुड्याची रांग.)

भुसावळहून खंडव्याकडे निघालं की रावेर मागे पडतं, मग बऱ्हाणपूर, म्हणजे फारुकी सुलतानांच्या खान्देशची राजधानी, आणि पुढे नेपानगर. देशातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना इथला. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी तो देशाला अर्पण केला. सातपुड्यातली साळई आणि बांबू हा त्याचा सुरुवातीचा कच्चा माल. ज्या साळईचा डिंक आपण धूप म्हणून जाळतो, तिच्यावर बातम्या छापल्या गेल्या.

वर्तमानपत्राचा कागद उन्हात पिवळा का पडतो? त्यातलं लाकूड बहुतेक वेळा नुसतं दळलेलं असतं, लिग्निन आतच राहतं, आणि उन्हानं तेच रंग धरतं.

(दृश्य : पुन्हा पॅकहाऊस.)

आपल्याकडचे खोके बहुतेक रद्दीपासूनच बनतात. गाडी भरली. आपण फाडलेला कोपरा दाराजवळच्या रद्दीच्या गोणीत पडलाय. कारखान्यात तो भिजेल, घुसळला जाईल, आणि तेच तंतू पुन्हा मोकळे होतील.