‘द डर्ट’ वाचायचं कसं?

मंडळी, तुरीची सोंगणी उरकून तुम्ही वाचनालयात आलात, तेव्हा प्रास्ताविक लांबवत नाही. ‘द डर्ट’ हे मॉटली क्रू या बँडच्या आत्मकथनाचं पुस्तक २००१ साली आलं. मॉटली क्रू हा लॉस एंजेलिसचा हेवी मेटल, म्हणजे दणदणीत रॉक संगीत वाजवणारा बँड, १९८१ साली उभा राहिलेला. बेसवर निकी सिक्स, ड्रमवर टॉमी ली, गिटारवर मिक मार्स आणि गायक विन्स नील. नील स्ट्रॉस या पत्रकाराने त्यांना बोलतं केलं आणि शब्दांकन केलं. दारू, हेरॉइन, मारामाऱ्या, बायांशी वागणं, काही म्हणता काही झाकलेलं नाही. पण सगळं उघडं सांगणारा माणूस सगळं खरं सांगतोच असं नाही.

पुस्तकाची बांधणी आधी समजून घ्या. एक प्रकरण एकाच्या तोंडून, पुढचं दुसऱ्याच्या. मधेमधे मॅनेजरही बोलतात, विन्स १९९२ साली बाहेर पडल्यावर त्याच्या जागी आलेला जॉन कोराबीही बोलतो. पुस्तक निघालं तेव्हा टॉमी बँडमध्ये नव्हता, १९९९ सालीच सोडून गेला होता. म्हणजे तंटामुक्ती समितीपुढे फारकत झालेले भाऊ एकेक करून हकीकत सांगतात, तसला हा प्रकार. तिथे आपण कोणा एकाचं ऐकून निकाल देत नाही. इथेही देऊ नये.

वाचायला बसताना एक वही घ्या. पानाचे तीन रकाने करा : कोण सांगतो, काय सांगतो, बाहेर नोंद काय आहे. तिसरा रकाना बऱ्याचदा कोरा राहील, राहू द्या. पहिल्याच पानावर साल लिहून ठेवा : १९८३ ‘शाउट ॲट द डेव्हिल’, १९८५ ‘थिएटर ऑफ पेन’, १९८७ ‘गर्ल्स, गर्ल्स, गर्ल्स’, १९८९ ‘डॉ. फीलगुड’. हे सगळे त्यांचे अल्बम. नशेत गेलेली वर्षं सांगणाऱ्याच्या आठवणीत एकमेकांत मिसळतात. सालाचा खुंटा नसला तर वाचणाराही त्यांच्याबरोबर वाहत जातो. एका बैठकीत तीस-चाळीस पानांपुढे जाऊ नका. पुढे गेलं की दंगा अंगवळणी पडतो आणि कशाचंच काही वाटेनासं होतं. या पुस्तकाच्या वाचनात सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच.

आता एक प्रसंग नीट पाहू. ८ डिसेंबर १९८४. विन्सच्या घरी पार्टी चालू होती. दारू संपली म्हणून तो गाडी काढून दुकानाकडे निघाला. शेजारी बसला होता हनोई रॉक्स या बँडचा ड्रमर रॅझल. रेडोंडो बीचजवळ गाडी समोरच्या गाडीवर आदळली. रॅझल गेला, दुसऱ्या गाडीतले दोघं जबर जखमी झाले. विन्सला शिक्षा ३० दिवसांच्या तुरुंगवासाची, प्रत्यक्षात भोगली त्याच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय २०० तास समाजसेवा आणि २६ लाख डॉलर भरपाई. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे; ती का मागावी लागली हे इथल्या बायांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. तरी वाचताना एक तपासा : विन्सला प्रकरणं आहेत, मॅनेजरला आहेत, त्या दुसऱ्या गाडीतल्या दोघांना एकही नाही. कबुली कितीही मोकळी असो, बोलायची पाळी कोणाला मिळाली हे पुस्तकानेच ठरवलेलं असतं. बायांच्या बाबतीत तर हे पानोपानी दिसतं. त्या प्रसंगात येतात आणि जातात, बहुतेक जणी बोलत नाहीत.

याची दुसरी बाजूही आहे. मिकला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा मणक्याचा आजार. त्यात मणके हळूहळू एकमेकांना जुळत जातात, पाठ वाकते आणि ताठ होते. तो हे रडगाणं न करता सांगतो. विन्सची लेक चार वर्षांची असताना १९९५ साली कॅन्सरने गेली, ते प्रकरण तर या पुस्तकातलं सगळ्यांत सरळ लिखाण. तिथे फुशारकीला जागाच नाही, म्हणून भाषाही बदलते. हा बदल ओळखायला शिकलात की बाकीच्या पानांवर कुठे रंग चढवलाय ते आपसूक कळू लागतं.

निकीचं जास्त अवघड. डिसेंबर १९८७ मध्ये हेरॉइनच्या अतिडोसाने तो मरणाच्या दारात गेला. त्यावरून पुढे ‘किकस्टार्ट माय हार्ट’ हे गाणं झालं. २००७ साली त्याने त्याच वर्षाची डायरी ‘द हेरॉइन डायरीज’ म्हणून छापली. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, पण डायरीवरही छापण्याआधी हात फिरवलेला असतो हे ध्यानात ठेवून. एका बाईवरच्या अत्याचारासारखा प्रसंग त्याच्या तोंडून पुस्तकात आहे. २०१९ साली त्याने सांगितलं की तो आपल्याला आठवत नाही, कदाचित वाढवून सांगितला असेल. आपल्या वाचनालयाच्या प्रतीत त्या पानावर ही नोंद चिठ्ठीवर लिहून चिकटवावी. चिठ्ठी नसली तर कोवळ्या वयाचा वाचक एक तर ते खरं धरतो, नाही तर मर्दुमकी समजतो. पोरांसमोर मोठ्याने वाचायची ही पानं नव्हेत.

२०१९ सालचा नेटफ्लिक्सवरचा चित्रपट नंतर पाहा, आधी नको. त्यात एक पात्र कॅमेऱ्याकडे वळून सांगतं की हे असं घडलंच नव्हतं. पुस्तकात तशी सोय नाही. तिथे तिसरा रकाना तुम्हालाच भरायचा आहे. हं, आता विचारा काय विचारायचं ते.